उभ्या मोटारींचा इतिहास

लांबच्या प्रवासास निघणाऱ्या गृहस्थास आपल्या मागे काय कोठे ठेवावयाचे ही विवंचना पूर्वीही असे; परंतु तिची उत्तरे ठरलेली होती. घराची किल्ली शेजाऱ्याकडे, देव भाऊबंदांकडे, दुभती म्हैस नात्यातल्या एखाद्या घरी निम्म्या दुधाच्या बोलीवर, आणि बैलगाडी असलीच तर तिची चाके काढून साटा पडवीच्या भिंतीस टेकून ठेवावयाचा. घोडा बाळगणाऱ्याची मात्र पंचाईत होई, कारण घोडा उभा असला तरी खातो. मोटारगाडी बाजारात प्रथम आली तेव्हा तिचे कैवारी घोड्याविरुद्ध जी कारणे पुढे करीत त्यांत हे एक हमखास असे, की हे वाहन काम नसेल तेव्हा काही खात नाही. कारण ऐकावयास बिनतोड, पण खरे नव्हे. उभी मोटारही खाते. कर खाते, विमा खाते, जागेचे भाडे खाते, आणि हे सर्व देऊन झाल्यावर हळूहळू स्वतःस खाते.

हल्ली पुण्यामुंबईच्या गृहसंस्थांच्या आवारात कापडी आच्छादनाखाली महिनोन्महिने निजलेल्या मोटारी दिसतात. मालक मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी गेलेला असतो. जाण्यापूर्वी त्याच्या घरी जी चर्चा झालेली असते ती आपल्या परिचयाची आहे. विकावी, कोणास वापरावयास द्यावी, की तशीच ठेवावी? हाच प्रश्न एका देशातील बहुतेक साऱ्या मोटारमालकांपुढे एकाच वेळी उभा राहिला, असा प्रसंग इतिहासात एकदा घडला आहे, आणि तेव्हा दिलेल्या उत्तरांचे पुढे काय झाले तेही आता पाहावयास मिळते. तो प्रसंग म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील इंग्लंड. रणांगणाच्या इतिहासात ह्या प्रकरणास जागा नाही, हे स्वाभाविकच आहे; परंतु संसारी माणसाने वाचावा असा तो भाग आहे.

१९३९ साली ब्रिटनमध्ये सुमारे २० लाख खाजगी मोटारी होत्या. पहिल्या महायुद्धापूर्वी मोटार ही सरदारा-जमीनदारांची चैन. १९३० नंतर ऑस्टिन, मॉरिस, फोर्ड ह्यांच्या लहान गाड्यांमुळे ती शाळामास्तर, कारकून, दुकानदार ह्यांच्या दारी आली होती. अशा कुटुंबाने चार-पाच वर्षे पोटास चिमटा घेऊन ती घेतलेली असे, त्यामुळे तिच्याविषयीचा निर्णय हलक्या हाताने होणारा नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले आणि त्याच दिवशी १८ ते ४१ वर्षांच्या पुरुषांस सैन्यात बोलावण्याचा कायदा झाला. महिना संपण्यापूर्वी पेट्रोलचे रेशनिंग आले. सगळ्या कंपन्यांचे पेट्रोल एकत्र करून ‘पूल’ ह्या एकाच नावाने ते मिळू लागले, आणि कुपनांवर दीडदोनशे मैलांचा प्रवास महिन्याकाठी कसाबसा होई. रात्री दिवे झाकून गाडी हाकावयाची. काळोखात रस्त्याच्या कडा दिसाव्यात म्हणून त्यांना पांढरे पट्टे ओढले, गाड्यांच्या बंपरांना पांढरा रंग दिला, तरी माणसे मरतच राहिली. १९४१ साली रस्त्यांवरील अपघातांत ९,१६९ माणसे मेली. गाड्या कमी झाल्या आणि मृत्यू वाढले, हा हिशेब त्या वर्षांचाच.

ह्या सर्वांहून अधिक कुटुंबांच्या मनावर परिणाम केला तो कराने. इंग्लंडात त्या वेळी मोटारीवरील कर अश्वशक्तीवर आकारीत. आणि ही अश्वशक्ती म्हणजे इंजिनाचे खरे बळ नव्हे, तर सिलिंडरांची संख्या व त्यांचा व्यास ह्यांवरून सूत्राने काढलेला एक आकडा. (ह्या सूत्रापायी इंग्रज कारखानदार अरुंद व उंच सिलिंडरांची इंजिने बनवीत राहिले. कराचा कायदा यंत्राचा आकार कसा ठरवितो त्याचे इतके चांगले उदाहरण दुसरे आम्हांस ठाऊक नाही.) १९३५ पासून दर अश्वशक्तीस १५ शिलिंग कर होता, तो १ जानेवारी १९४० पासून २५ शिलिंग झाला. म्हणजे दहा अश्वशक्तीच्या मध्यम गाडीस वर्षास साडेसात पौंड पडत, तेथे साडेबारा पौंड. घरचा कर्ता फौजेत, त्याचा पगार शिपायाचा, आणि गाडी महिन्यातून दीडदोनशे मैल चालणार. हिशेब करावयास फार अक्कल लागत नव्हती.

म्हणून पुष्कळांनी गाडी विकली. व्यवहारी माणसाचा सल्ला तोच होता. परंतु सगळेच व्यवहारी माणसाचा सल्ला एकदम घेऊ लागले म्हणजे बाजाराचे काय होते हे सांगणे नको. जुन्या गाड्यांचे भाव कोसळले. विशेषतः मोठ्या गाड्यांचे, कारण त्यांचा कर जबर आणि पेट्रोलची भूक मोठी. एका काळी ज्या गाडीच्या दारी शोफर उभा असे तिला कोणी हात लावीना. अशा कित्येक गाड्या आग विझविणाऱ्या पथकांनी घेतल्या आणि पाण्याचे पंप ओढण्यास जुंपल्या. काहींची मागची बाजू कापून त्यांच्या रुग्णवाहिका केल्या. गाडीचा मान गेला, पण ती कामास आली, आणि चालत राहिल्यामुळे कित्येक दिवाणखान्यासारख्या जपलेल्या गाड्यांहून तिची कळा बरी राहिली असेल.

दुसरा मार्ग गाडी कोणास तरी वापरावयास देण्याचा. डॉक्टर, सुईणी, स्थानिक अधिकारी ह्यांस पेट्रोलची जादा कुपने मिळत, तेव्हा त्यांतल्या ओळखीच्या माणसास गाडी देणे सोयीचे होते. पुढे स्वयंसेवकांच्या गाड्यांचे संघही उभारण्यात आले. मालक किंवा मालकीण स्वतः गाडी हाकी आणि रुग्णांस, निर्वासित मुलांस पोहोचवी. मोटारीने ओसाड जागी उभे राहण्यापेक्षा दहा माणसांच्या उपयोगी पडावे हे कोणासही पटेल; पण दुसऱ्याच्या हाती दिलेल्या गाडीविषयी मालकाच्या मनात जो किंतु असतो तो युद्धानेही जात नाही. शिवाय सरकारास हवी असेल ती गाडी सरकार मोबदला देऊन घेऊन जाई, मग तुमचा विचार काहीही असो.

राहिला तिसरा मार्ग, आणि आमच्या विषयाचा गाभा तो आहे. गाडी ठेवावयाची, पण ती ठेवणे हे एक शास्त्र आहे असे त्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडातील मध्यमवर्गास प्रथमच कळले. मोटारविषयक साप्ताहिके ह्या विद्येच्या पाठांनी भरून गेली. गाडी जॅकने उचलून चारी आसांखाली लाकडी ठोकळे द्यावयाचे, म्हणजे टायरांवर भार राहत नाही. एकाच जागी महिनोन्महिने दबून राहिलेले रबर तेथेच चिरते. शक्य तर टायर काढून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावयाचे. रेडिएटरमधील पाणी पूर्ण सोडून द्यावयाचे, कारण हिवाळ्यात ते गोठले की इंजिनाच्या ओतीव लोखंडास तडा जातो. टाकीतील पेट्रोल काढावयाचे. ते उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर ठेवते, तो कार्बुरेटरची बारीक छिद्रे बुजवितो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावयाचे व हँडलने इंजिन दोन-चार वेळा फिरवावयाचे. क्लचचे पेडल लाकडाच्या टेकूने दाबून ठेवावयाचे, नाहीतर तबकडी चिकटून बसते. हातब्रेक सोडून ठेवावयाचा. चकचकीत भागांस व्हॅसलीन, काचा बोटभर उघड्या, आणि गाद्यांत उंदरांनी घरे करू नयेत म्हणून जो तो आपापला उपाय करी.

बॅटरीचे प्रकरण निराळे. ती तशीच टाकून दिली तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा क्षार धरतो आणि ती कायमची मरते. म्हणून ती गॅरेजवाल्याकडे ठेवून अधूनमधून भारित करून घ्यावी लागे. त्या काळच्या गाड्यांस हँडल असे, त्यामुळे बॅटरी गेली तरी गाडी सुरू होण्याची आशा होती. हल्लीच्या गाड्यांत ती सोय नाही, उलट उभ्या गाडीतही घड्याळ, चोरघंटी आदी उपकरणे वीज पीत राहतात. २०२० साली मार्चअखेर आपल्याकडे टाळेबंदी झाली, तेव्हा घराखालीच असलेली गाडी दोन महिन्यांनी सुरू होईना, हा अनुभव घरोघरी आला. ह्यावर भल्या शेजाऱ्यांनी दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालवून ठेवण्याचा जो परिपाठ आहे तो हिताचा नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले, गाडी दहा-वीस मैल चालली, तर ती वाफ निघून जाते. पाच मिनिटांत ती आतच थिजते आणि तेलात व धुराच्या नळीत गंजाचे बी पेरून ठेवते. एकतर गाडी नीट चालवावी, नाहीतर तिला नीट झोपवावी. अर्धवट जागे ठेवणे सर्वांत वाईट. इंग्लंडात तेव्हा पेट्रोलच नसल्याने हा मोह कोणास झाला नाही, हे त्या गाड्यांचे भाग्य.

आपल्या हवेत ह्या विद्येस आणखी एक अध्याय जोडावा लागतो. पेट्रोलच्या रेशनिंगचा हुकूम हिंदुस्थानात १९४१ साली निघाला, आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या बसगाड्या, मागे भट्टी लटकावलेल्या, आपल्या वडीलधाऱ्या पिढीने पाहिल्या. येथे रेडिएटर गोठण्याची भीती नाही. पण कोकणपट्टीचा एक पावसाळा बंद गाडीच्या कातडी गाद्यांवर जी बुरशी चढवितो तिला इंग्लंडातील तीन हिवाळे पुरे पडणार नाहीत. त्यात त्या वेळच्या पुष्कळ गाड्यांच्या सांगाड्यात लाकूड असे, म्हणजे वाळवीस आमंत्रणच.

ठोकळ्यांवर गाडी चढवून इंग्रज कुटुंब स्वस्थ बसले, तोच १९४० चा उन्हाळा आला. २६ मे ते ४ जून ह्या दिवसांत डंकर्कहून ब्रिटिश सैन्य परतले, ते आपली सुमारे ६४ हजार वाहने फ्रान्समध्ये टाकून. तेथील शिपायांना जो हुकूम होता तो वर सांगितलेल्या साऱ्या उपदेशाच्या नेमका उलट: तेल सोडून द्या, पाणी सोडून द्या, आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवा. ज्यांनी काही महिन्यांपूर्वी आपली घरची गाडी तेल घालून निगुतीने निजविली होती त्यांतलेच कित्येक हे काम करीत होते. शत्रू इंग्लंडात उतरणार ही धास्ती पडताच सरकारने मोटारमालकांस ताकीद दिली, की उभी गाडी शत्रूच्या उपयोगी पडणार नाही अशी करून ठेवा; नुसते कुलूप पुरणार नाही. मग डिस्ट्रिब्यूटरमधील रोटर नावाचा हाताच्या बोटाएवढा तुकडा काढून खिशात किंवा स्वयंपाकघरातील डब्यात ठेवण्याची चाल पडली. रस्त्यांवरील गावांच्या पाट्या तर सरकारने आधीच उपटल्या होत्या. आता ज्यांची गाडी बंदच होती त्यांच्या घरच्या बाईस हा आणखी एक विचार: शत्रू आलाच तर हा डबा कोठे पुरावयाचा?

खाडीपलीकडे हा प्रश्न कल्पनेतला राहिला नाही. जून १९४० मध्ये चॅनल बेटे सोडण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने घेतला. ग्वेर्नझीच्या सुमारे ४२ हजार लोकवस्तीपैकी १७ हजारांच्या आसपास माणसे थोड्या दिवसांत बोटीने गेली. बंदरापर्यंत मोटारीने यावयाचे आणि गाडी तेथेच सोडून बोटीवर चढावयाचे. विकावी की ठेवावी हा विचार करावयास काही तासही नव्हते. बेटांवर मागे राहिलेल्या गाड्यांपैकी ज्या हव्या त्या जर्मनांनी घेतल्या, आणि लोकांस रस्त्याच्या उजव्या बाजूने चालावयास लावले. फ्रान्सात ज्यांच्यापाशी खरोखर मोलाच्या गाड्या होत्या त्यांनी भिंतींचा आश्रय केला. बुगाटी घराण्याने आपल्या प्रचंड ‘रॉयाल’ गाड्यांपैकी तीन (साऱ्या मिळून त्या सहाच बनल्या होत्या) एर्मेनोंव्हिल येथील आपल्या वास्तूत विटांच्या भिंतीमागे चिणून ठेवल्या. सिट्रोएन कंपनीने शेतकऱ्यांसाठी बनविलेल्या एका हलक्या गाडीचे नमुने लपविले, ते इतके चांगले, की त्यांतील तीन एका धान्यकोठाराच्या माळ्यावर १९९० नंतरच्या दशकात सापडले. मालकाने गाडी लपवावी आणि कारखान्याने अर्धशतक विसरून जावे, ह्यात विनोद आहे खरा; परंतु त्या काळी सापडण्यापेक्षा विसरणे बरे होते.

१९४२ साली पूर्वेकडे जे घडले त्याचा धक्का पश्चिमेकडील प्रत्येक बंद गाडीस बसला. १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडले. तेथील धक्क्यांवर बोट गाठण्यासाठी आलेल्या लोकांनी आपल्या गाड्या जागीच सोडल्या. काहींनी त्या समुद्रात ढकलून दिल्या. ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे पायी निघाली. ज्यांच्यापाशी मोटारी होत्या ते रस्ता संपेपर्यंत मोटारीने गेले आणि पुढे इतरांसारखे चालू लागले. मे महिन्यात माघार घेणाऱ्या सैन्याने चिंद्विनच्या काठी आपले रणगाडे व ट्रक सोडले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज गेल्याबरोबर जगातील नैसर्गिक रबराचा सुमारे ९० टक्के पुरवठा जपानच्या हाती गेला. तेव्हा अमेरिकेत, जेथे पेट्रोलचा तुटवडा म्हणावा असा नव्हता तेथेही, पेट्रोल मोजून देऊ लागले. हेतू पेट्रोल वाचविण्याचा नव्हे, टायर वाचविण्याचा. ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली, आणि एका गाडीमागे पाचांहून अधिक टायर ज्याच्यापाशी असतील त्याने ते सरकारास विकावे असे ठरले. सामान्य गाड्यांचे उत्पादन तर फेब्रुवारी १९४२ मध्येच बंद झाले होते. आपल्या कोठीतील सहावा टायर हा राष्ट्राच्या संरक्षणाचा विषय होऊ शकतो, हे अमेरिकन गृहस्थास तेव्हा कळले.

इंग्लंडात १ जुलै १९४२ पासून सर्वांस मिळणारे पेट्रोलचे मूळ रेशनच बंद झाले. आता काम दाखविल्याखेरीज एक थेंब मिळावयाचा नाही. ज्यांनी आतापर्यंत हट्टाने गाडी चालू ठेवली होती तेही ठोकळे शोधू लागले. रस्त्यावरील खाजगी गाड्यांची संख्या युद्धापूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आली.

ह्या तीन वर्षांत फौजेतून घरी आणि घरून फौजेत जी पत्रे गेली त्यांत गाडीची चौकशी किती वेळा आली असेल ह्याची गणती कोणी केलेली नाही. पण ठोकळ्यावरची गाडी हे ज्या घरी होते तेथे ती नुसती मालमत्ता नव्हती हे उघड आहे. विकणे म्हणजे केवळ पैशाचा व्यवहार होत नव्हता. ज्याने ती निजविली तो येऊन तिला उठवील हे धरून चालणे विकण्याने मोडत होते. हिशेबी नजरेस हा भाबडेपणा वाटेल. कर भरावा लागत नसला तरी जागा अडते, रबर कुजते, रक्कम अडकते. १९४० किंवा १९४२ मध्ये कागदावर मांडले असते तर विकणाराच शहाणा ठरला असता. आमच्या मते त्या हिशेबात एक चूक होती, आणि ती भावनेची नसून अर्थशास्त्राची होती. गाडीची आजची किंमत सगळे पाहत होते. नवी गाडी पुन्हा केव्हा मिळेल हे कोणी पाहत नव्हते. कारखाने विमाने व रणगाडे बनवू लागले त्या दिवशीच जुन्या गाडीची उद्याची किंमत ठरून गेली होती.

जून १९४५ मध्ये मूळ रेशन पुन्हा सुरू झाले. आच्छादने निघाली, उंदरांची घरटी निघाली, कडक झालेल्या रबरी नळ्या बदलण्याची धावपळ झाली. नव्या गाड्या होऊ लागल्या, पण देश कर्जात बुडालेला, परकीय चलन हवे, म्हणून निम्म्याहून अधिक गाड्या परदेशी धाडण्याचा आग्रह सरकारने धरला. पोलादाचा वाटाही निर्यात पाहून मिळे. घरच्या गिऱ्हाइकाने नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. परिणामी वापरलेली गाडी नव्या गाडीच्या छापील किमतीहून महाग विकली जाऊ लागली. हा काळाबाजार आवरण्यासाठी १९४६ पासून नवी गाडी घेणाराकडून ती ठरावीक मुदतीत विकणार नाही असा करार लिहून घेऊ लागले. १९३९ साली शहाणपणाने विकणारे ह्या रांगेत उभे होते, आणि ज्यांना आळसाने, लोभाने किंवा मायेने विकवले नाही ते आपल्या दहा वर्षांच्या जुन्या गाडीतून त्यांच्यासमोरून जात होते.

सगळ्याच गाड्यांचे असे झाले नाही. ब्रिटनच्या सैन्यातील अडीच लाखांहून अधिक माणसे परत आली नाहीत. त्यांच्या गाड्यांपैकी काही विधवांनी चालविण्यास शिकून वापरल्या. युद्धाच्या आरंभी बंद केलेली वाहनचालकाची परीक्षा १ नोव्हेंबर १९४६ पर्यंत सुरू झाली नव्हती, ही अडचण की सोय, हे ज्याने त्याने ठरवावे. काही विकल्या गेल्या, त्या वेळच्या चढ्या भावाने. आणि काही ठोकळ्यावरच राहिल्या. आज जुन्या गाड्यांचे शौकीन खेड्यापाड्यांतील गवताच्या कोठारांतून गाड्या शोधून काढतात आणि लिलावात त्यांचे कौतुक होते. त्यांतली एखादी १९४० पासून हललेली नाही असे कळले म्हणजे किंमत वाढते. ती का हलली नाही हे लिलावाच्या पत्रकात सहसा नसते.

उठविलेल्या गाड्यांसही फार दिवस सुख लाभले नाही. १९४७ च्या ऑगस्टात डॉलरची टंचाई झाली आणि मूळ रेशन पुन्हा काढून घेण्याचे जाहीर झाले. तेच ठोकळे, तेच जॅक, तीच व्हॅसलीनची डबी. ते जून १९४८ मध्ये परत मिळाले, पण महिन्यास सुमारे ९० मैलांपुरतेच. नव्या गाड्यांपुरता अश्वशक्तीवरचा तो विचित्र कर ह्याच सुमारास गेला आणि १९४८ पासून त्यांस सरसकट १० पौंड झाला. पेट्रोलचे रेशनिंग संपले २६ मे १९५० रोजी, म्हणजे युद्ध सुरू झाल्यापासून दहा वर्षे नऊ महिन्यांनी. त्याच वर्षी एर्मेनोंव्हिलच्या भिंतीमागून निघालेल्या तीनपैकी दोन रॉयाल गाड्या एका अमेरिकन संग्राहकाने विकत घेऊन बोटीवर चढविल्या.